स्वयंवह यंत्रें आणि औंढ्याची वेधशाळा

हिंगोली हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झालेला लहानसा जिल्हा. हळदीचें पीक, ज्यास येथील लोक आठवें ज्योतिर्लिंग मानतात तें औंढा नागनाथाचें देवस्थान, आणि नामदेवरायांचें नरसी गांव, एवढ्याच ओळखीवर तो आजवर महाराष्ट्रास ठाऊक होता. त्या ओळखींत आतां एका नव्या गोष्टीची भर पडत आहे. औंढ्याजवळ गुरुत्वीय तरंग टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें १७ फेब्रुवारी २०१६ रोजीं तत्त्वतः संमति दिली, आणि ६ एप्रिल २०२३ रोजीं सुमारें २,६०० कोटि रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. परस्परांशीं काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांतून धावणारा लेसरचा किरण आणि टोकांशीं टांगलेले आरसे, असें या यंत्राचें स्वरूप आहे. कोट्यवधि वर्षांपूर्वीं दोन कृष्णविवरांची टक्कर झाली असतां तिच्या हादऱ्यानें त्या नळ्यांच्या लांबींत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतका जो फरक पडतो, तो मोजणें हें त्याचें काम. हें काम २०३० सालापर्यंत सिद्धीस जावें असा सरकारचा संकल्प आहे.

ज्या मुलखांत इतक्या सूक्ष्म मापाची प्रयोगशाळा उभी राहत आहे, त्याच मुलखांतील हातांहातांतल्या मोबाइलवर मात्र दुसऱ्याच एका विज्ञानाचा बाजार भरलेला दिसतो. एक मोटार चाक फिरविते, चाक जनित्र फिरवितें, जनित्र त्या मोटारीस वीज पुरवून वर घरभर दिवे लावितें. कोणाची गाडी नुसत्या पाण्यावर धांवते. कोणाचें यंत्र लोहचुंबकाच्या बळावर वर्षानुवर्षें फिरत राहतें. इंधन नको, ऊन नको, वीजबिल नको! हें पाहणारा माणूस मूर्ख असतो असें समजणें हा शहरी शहाण्यांचा उद्धटपणा होय. शेतपंपास वीज रात्रीं येते म्हणून ज्यानें अंधारांत, विंचूकाट्यांतून, विहिरीची वाट तुडविली आहे, किंवा हळद शिजविण्यासाठीं जळण गोळा करतांना जो मेटाकुटीस आला आहे, त्यास फुकटच्या शक्तीची आशा वाटावी यांत नवल काय? परंतु ज्याची गरज मोठी, त्याचीच फसवणूक सोपी. म्हणून या विषयाचा विचार हा कांहीं विद्वानांचा विरंगुळा नव्हे. गरिबाच्या गांठीच्या पैशाचा आणि राष्ट्राच्या विवेकाचा तो प्रश्न आहे.

प्रथम मुद्दा समजून घेऊं. उष्मागतिकी या शास्त्राचे जे दोन मुख्य नियम आहेत, त्यांपैकीं पहिला आमच्या आजीबाईंस त्या शास्त्राचें नांवहि न ऐकतां ठाऊक होता : आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? ऊर्जा निर्माण होत नाहीं आणि नाहींशीहि होत नाहीं; ती फक्त रूप बदलते. मायरनें १८४२ सालीं हा विचार मांडला, आणि त्याच दशकांत जूलनें वजन खालीं सोडून त्याच्या ओढीनें पाण्यांतील वल्हीं फिरविलीं व पाणी किती तापतें तें मोजून दाखविलें. एक लिटर पाणी एक अंश तापविण्यास जी ऊर्जा लागते तीच ४२७ किलोग्रॅमचें ओझें एक मीटर उचलण्यास पुरते. हा हिशेब पृथ्वीवर सर्वत्र एकच येतो. दुसरा नियम पहिल्याहून कडक आहे. पोहरा नेहमीं गळकाच असतो, असें त्याचें सार सांगतां येईल. ऊर्जा रूप बदलते तेव्हां तिचा कांहीं भाग उष्णता होऊन विखुरतो, आणि त्या विखुरलेल्या भागाकडून सर्वच्या सर्व काम पुन्हां कधींहि करून घेतां येत नाहीं. कार्नो या फ्रेंच तरुणानें १८२४ सालीं वाफेच्या यंत्राचा विचार करतांना या सत्याचा माग काढला, आणि पुढें क्लॉसियसनें त्यास नियमाचें रूप दिलें.

याचे दाखले दूर शोधावयास नकोत. पूर्णा नदीवर येलदरीच्या धरणाशीं पाणी खालीं येतांना वीज निर्माण करतें आणि पुढें सिद्धेश्वर धरणाकडे जातें. आतां कोणी म्हणेल कीं, या विजेवर पंप चालवून तेंच पाणी पुन्हां येलदरींत चढवावें, म्हणजे पाऊस पडो वा न पडो, वीज अखंड मिळेल! असें कां होत नाहीं? पाणी पडून जेवढी ऊर्जा मिळते त्याहून एक कणहि कमी ऊर्जेत तें परत चढत नाहीं, हा पहिला नियम. आणि पडतांना, चढतांना, नळांत, पात्यांत आणि तारांत कांहीं ना कांहीं वायां जातेंच, हा दुसरा. पाणी वर चढविण्याचा हाच उद्योग महाराष्ट्रांत घाटघरच्या २५० मेगावॉटच्या केंद्रांत जाणूनबुजून केला जातो. पण तेथील अभियंत्यांस आपण काय करतों हें पक्कें ठाऊक आहे. मागणी कमी असतांनाची वीज साठवून ती मागणीच्या वेळीं काढणें एवढाच तेथें हेतु असतो, आणि अशा केंद्रांत चार युनिटें खर्चलीं तर साधारण तीनच परत मिळतात. तें तोट्याचें असूनहि शहाणपणाचें काम आहे, कारण तोटा वहींत लिहिलेला आहे. परळीसारख्या औष्णिक केंद्रांची गोष्ट याहून बोलकी आहे. कोळशांतील उष्णतेचा सुमारें तिसरा हिस्सा अशा केंद्रांत वीज होतो. उरलेला पाण्यावाटे आणि धुराड्यावाटे निघून जातो. जगांतील मोठमोठ्या कंपन्यांनीं त्या तिसऱ्या हिश्श्यांत दोन-चार टक्क्यांची भर पडावी म्हणून अब्जावधि रुपये ओतले आहेत. शंभरास एकशें दहा देणारें यंत्र जर कोणा गॅरेजांत खरोखरच फिरत असतें, तर या कंपन्यांनीं त्या गॅरेजच्या दाराशीं रांग लावली नसती काय?

मोबाइलवरील चाकाचें कोडेंहि यावरून उलगडतें. जड चाक ही ऊर्जेची कणगी आहे. आधीं भरलेली कणगी उपसतांना दाणे निघतात, म्हणून कणगी दाणे पिकविते असें कोणी म्हणत नाहीं. फिरतें चाक मोटार बंद केल्यावरहि कांहीं काळ दिवे लावील. चित्रफीत तेवढ्यांतच संपते. पाण्यावरील गाडीचेंहि तेंच. लाकूड जळून राख उरते, तसें हायड्रोजन जळून पाणी उरतें. पाणी ही हायड्रोजनची राख होय. राखेचें पुन्हां लाकूड करावयाचें तर तें जळतांना जेवढी ऊर्जा मिळाली तेवढी तरी परत घालावी लागते, आणि ती गाडीच्या बॅटरींतूनच जाते. १९९६ सालीं तामिळनाडूंतील एका इसमानें पाण्यांत वनस्पति उकळून पेट्रोल काढतों असा दावा केला, तेव्हां देशभर डंका वाजला आणि मोठमोठ्या पदांवरील माणसें त्यास भुललीं. पुढें कडक देखरेखीखालीं प्रयोग झाला तेव्हां पाण्यांतून इंधन निघालें नाहीं, आणि प्रकरण फसवणुकीच्या खटल्यापर्यंत गेलें.

येथें आमचे कांहीं स्वदेशाभिमानी मित्र आम्हांस अडवितात. ते म्हणतात, पाश्चात्यांच्या नियमांपुढें आपण मान कां तुकवावी? आपल्या पूर्वजांस स्वयंवह यंत्र ठाऊक नव्हतें काय? राष्ट्राभिमानांत आम्ही कोणास हार जाणारे नाहीं, म्हणूनच या प्रश्नाचें उत्तर टाळणार नाहीं. होय, आमच्या पूर्वजांनीं असें यंत्र वर्णिलें आहे. भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें, म्हणजे ११५० सालीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं सिद्धान्तशिरोमणि रचला. त्यांतील यंत्राध्यायांत हलक्या लांकडाच्या चाकास पोकळ, किंचित् वांकड्या आऱ्या बसवून त्यांत अर्धा पारा भरावा, म्हणजे तें चाक आपोआप फिरूं लागेल, असें सांगितलें आहे. ब्रह्मगुप्तानें ६२८ सालींच असा विचार मांडला होता. चाळीसगांवजवळ पाटण येथें भास्कराचार्यांचा नातू चंगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, याचा शिलालेख आजहि आहे. म्हणजे हा विद्वान् आमच्या महाराष्ट्राचाच. पुढें अशाच चाकांच्या मागें युरोपांतील पुष्कळ कारागिरांनीं शतकानुशतकें आपलें आयुष्य वेंचलें, तेव्हां या नादांत आम्ही जगाचे अग्रेसर होतों असें कोणी म्हटल्यास तें खोटें ठरणार नाहीं. परंतु तें चाक फिरत नाहीं. एका बाजूचा पारा आंसापासून दूर जातो हें खरें, पण दुसऱ्या बाजूस जवळच्या पाऱ्याचें प्रमाण त्याच मानानें वाढतें, आणि दोन्ही बाजूंचें पारडें सारखें होऊन चाक स्थिर राहतें. भास्कराचार्यांचा मोठेपणा या चाकांत नाहीं. तो त्यांच्या गणितांत आहे. अनिर्णीत समीकरणें सोडविण्याची त्यांची चक्रवाल पद्धति आज कोणीहि पडताळून पाहावी, ती चूक निघत नाहीं. पूर्वजांच्या पडताळलेल्या गोष्टी बाजूस सारून न पडताळलेल्या गोष्टीच डोक्यावर घेऊन नाचणें, हा त्यांचा गौरव नसून त्यांची थट्टा आहे.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. काल जो नियम अढळ मानला जात होता तो आज मोडला, असें शास्त्राच्या इतिहासांत अनेकदां घडलें आहे; मग उष्मागतिकीचेच नियम तेवढे वज्रलेप कां मानावे? आमचें उत्तर असें कीं, ते वज्रलेप मानूं नयेत. शास्त्रांत कोणताहि नियम पवित्र नसतो. पण नियमास आव्हान देण्याची एक रीत आहे, आणि खरा आव्हान देणारा कोण व तोतया कोण, हें त्या रीतीवरूनच ओळखतां येतें. या रीतीचीं उदाहरणें औंढ्याच्या वेधशाळेच्याच वंशावळींत आढळतात.

या वेधशाळेच्या कामांत पुण्याच्या आयुका या संस्थेचा वांटा आहे. ती संस्था १९८८ सालीं ज्यांनीं उभारली ते जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजीं निवर्तले. मूळचे कोल्हापूरचे हे शास्त्रज्ञ जन्मभर प्रस्थापित मताचे विरोधक होते. विश्वाचा आरंभ एका महास्फोटांत झाला हें बहुतेकांचें मत. हॉइल आणि नारळीकर यांचें म्हणणें असें कीं, विश्वास आरंभ नाहीं व त्यांत नवें द्रव्य सतत जन्मास येत असतें. द्रव्य शून्यांतून येत असेल तर ऊर्जेच्या नियमाचें काय, हा प्रश्न त्यांस अर्थातच विचारण्यांत आला. त्यांनीं काय केलें? आपल्यावर कट झाला अशी ओरड केली नाहीं. ऋण ऊर्जेचें एक क्षेत्र गणितांत मांडून जमाखर्च कसा जुळतो तें दाखविलें आणि आपला सिद्धान्त ज्यावरून खोटा पडूं शकेल अशीं भाकितें जाहीर केलीं. १९६५ सालीं आकाशभर पसरलेल्या सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध लागला व तो त्यांच्या विरुद्ध गेला, तेव्हां बहुतेकांनीं तो सिद्धान्त सोडला. नारळीकरांनीं सोडला नाहीं. त्यांत फेरफार करून ते शेवटपर्यंत वाद घालीत राहिले. पण तो वाद नियतकालिकांच्या पानांवर, सर्वांसमक्ष होता, आणि त्या मतावर त्यांनीं कोणास एक रुपयाचें यंत्र विकलें नाहीं.

दुसरें उदाहरण वेबर या अमेरिकन शास्त्रज्ञाचें. गुरुत्वीय तरंग आपल्या ॲल्युमिनियमच्या दंडगोलांनीं टिपले असें त्यानें १९६९ सालीं जाहीर केलें. इतरांनीं तसेच दंडगोल बांधून पाहिले. कोणासहि कांहीं सांपडलें नाहीं, आणि तो दावा बाजूस पडला. पण वेबरचे प्रयत्न वायां गेले नाहींत. त्यानें दाखविलेल्या वाटेवरूनच पुढचे लोक गेले. तिसरें उदाहरण आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटतें. सप्टेंबर २०१० मध्यें अमेरिकेंतील लायगो आणि इटलींतील व्हर्गो या वेधशाळांच्या नोंदींत एक उत्तम तरंग आढळला. शेंकडों शास्त्रज्ञ महिनोन्महिने त्याच्या मागें राबले, निबंधहि तयार झाला. मग मार्च २०११ मध्यें एक बंद पाकीट उघडण्यांत आलें, आणि कळलें कीं तो तरंग खोटा होता. आपली परीक्षा पाहण्यासाठीं त्यांच्यापैकींच मोजक्या माणसांनीं तो गुपचूप नोंदींत घुसडला होता, आणि असें होऊं शकतें हें सर्वांनीं आधींच मान्य केलेलें होतें! खरा तरंग त्यांस पुढें १४ सप्टेंबर २०१५ रोजीं सांपडला, आणि तो त्यांनीं जगास ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं, पांच महिने तपासल्यानंतर, सांगितला. एकीकडे स्वतःस फसवून पाहणारे हे शास्त्रज्ञ आणि दुसरीकडे यंत्राची पेटी उघडूं न देणारे हे संशोधक! वाचकांनींच तुलना करावी.

शिवाय या वेधशाळा उष्मागतिकीस परक्या आहेत असेंहि नाहीं. स्टीफन हॉकिंग यांनीं १९७१ सालीं सिद्ध केलें कीं, दोन कृष्णविवरें एक झालीं असतां नव्या विवराच्या पृष्ठाचें क्षेत्र आधींच्या दोहोंच्या बेरजेपेक्षां कमी होऊं शकत नाहीं. हें तर उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमासारखेंच दिसतें, असें बेकेनस्टाइन या विद्यार्थ्यानें म्हटलें, तेव्हां प्रथम हॉकिंग यांनींच त्यास विरोध केला. पण १९७४ सालीं स्वतःच्याच गणितानें त्यांस त्या विद्यार्थ्याचें म्हणणें मान्य करावें लागलें. पुढें १४ जानेवारी २०२५ रोजीं लायगोस एक अतिशय स्पष्ट तरंग मिळाला. त्या टकरीपूर्वीं दोन विवरांचें एकत्र क्षेत्र सुमारें २,४०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षां लहान होतें. टकरीनंतर तें सुमारें ४,००,०००, म्हणजे महाराष्ट्रापेक्षां मोठें झालें. सप्टेंबर २०२५ मध्यें हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. म्हणजे सर्वांत मोठ्या शास्त्रज्ञाचा सिद्धान्तहि दशकानुदशकें परीक्षेची वाट पाहत राहिला, आणि ती परीक्षा झाल्याशिवाय कोणी समाधान मानलें नाहीं. औंढ्याचें यंत्र सुरू होईल तेव्हां अशा परीक्षांत हिंगोलीचाहि हात लागेल.

आतां कायद्याकडे वळूं, कारण आव्हान देण्याची ही रीत न्यायालयासहि मान्य आहे. जो विधान करतो त्यानें तें सिद्ध करावें, हा पुराव्याच्या कायद्याचा पाया १८७२ सालीं होता तोच २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि कायम आहे. अमेरिकेंत जोसेफ न्यूमन यानें १९७९ सालीं आपल्या यंत्रासाठीं पेटंट मागितलें. घातलेल्या विजेपेक्षां अधिक वीज तें देतें असा त्याचा दावा होता. पेटंट कार्यालयानें नकार दिला, न्यूमन न्यायालयांत गेला, आणि न्यायालयानें नेमलेल्या खास अधिकाऱ्यानें चक्क त्याच्या बाजूनें अहवाल दिला! तरी न्यायाधीशांनीं ना तो अहवाल डोळे मिटून स्वीकारला, ना न्यूमनला वेडा म्हणून हांकलून दिलें. यंत्र राष्ट्रीय मानक संस्थेकडे तपासणीस पाठविलें. १९८६ सालीं तपासणी झाली. प्रत्येक खेपेस बाहेर आलेली शक्ति आंत घातलेल्या शक्तीपेक्षां कमीच भरली. १९८९ सालीं वरिष्ठ न्यायालयानें हा नकार कायम केला. वकिलांच्या युक्तिवादानें, साक्षीदारांच्या शपथांनीं आणि वर्तमानपत्रांच्या स्तुतीनें जो प्रश्न दहा वर्षें सुटला नाहीं, तो मीटरनें सोडविला.

आमच्या देशांत १९७० च्या पेटंट कायद्याचें कलम ३(क) असें सांगतें कीं, जें क्षुल्लक आहे, किंवा प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असल्याचा ज्याचा दावा आहे, तें या कायद्यापुरतें संशोधनच नव्हे. पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शिकेंत याचें उदाहरण म्हणून नित्यगति यंत्राचाच निर्देश आहे. असें असतां यंत्र विकणारे पेटंटचा क्रमांक छातीठोकपणें कसे दाखवितात? त्यांतील खोंच साधी आहे. अर्ज कोणीहि करूं शकतो. अर्जास क्रमांक मिळतो. अठरा महिन्यांनंतर अर्ज प्रसिद्धहि होतो. पण अर्ज म्हणजे मंजुरी नव्हे. फिर्याद दाखल केल्याची पावती दाखवून कोणी खटला जिंकला असें म्हणत नाहीं. इतकेंच काय, मंजूर झालेल्या पेटंटाच्या वैधतेचीहि हमी सरकार देत नाहीं, असें कायद्यांतच स्पष्ट आहे. खोट्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालीं गुन्हा आहे. कायदे पुरेसे आहेत. उणीव आहे ती विचारण्याच्या संवयीची.

तथापि न्याय दोन्ही बाजूंनीं व्हावा. ग्रामीण कारागिरांची एक तक्रार आम्हांस खरी वाटते : कोणी ऐकूनच घेत नाहीं. लोहाराच्या किंवा पंप-दुरुस्ती करणाऱ्याच्या हातांत असलेलें कौशल्य पदवीधरांस पुष्कळदां दिसत नाहीं. अर्जास उत्तर येत नाहीं, आणि दाराबाहेरच्या माणसास मग आपण छळलेला गॅलिलिओ आहों असें वाटूं लागतें. तिरस्कारानें अंधश्रद्धा जात नाहीं, ती चिडते. म्हणून आमची सूचना अशी : जिल्ह्यांतील तंत्रनिकेतनानें वर्षांतून ठराविक दिवस जाहीर करावे. कोणीहि आपलें यंत्र घेऊन यावें. आंत जाणारी आणि बाहेर येणारी वीज एकाच प्रकारच्या मीटरनें, सर्वांसमक्ष, एक दिवस आणि एक रात्र अखंड मोजली जावी. बॅटरी काढून ठेवावी. पेटी उघडी असावी. निकाल, मग तो कोणताहि असो, भिंतीवर लावावा. ज्याच्या यंत्रानें ऊर्जा निर्माण झाली नाहीं पण घर्षण कमी झालें, पंप सोपा झाला किंवा जळण वांचलें, त्यास राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाकडे पाठवावें; त्याच कामासाठीं तें २००० सालीं स्थापन झालें आहे. आणि अशी तपासणी होईपर्यंत कोणाहि मंत्र्यानें, आमदारानें किंवा अधिकाऱ्यानें असल्या यंत्राचें उद्घाटन करूं नये. उद्घाटनाचा एक फोटो शंभर शेतकऱ्यांच्या खिशास हात घालण्याचा परवाना ठरतो.

इंधनावांचून चालणारें यंत्र शेतकऱ्यास हवेंच असेल, तर तें आहे, आणि तें कोणताहि नियम मोडीत नाहीं. सूर्य भर दुपारीं प्रत्येक चौरस मीटरवर सुमारें एक हजार वॉट ओततो; सौर पॅनेल त्याचा साधारण पांचवा हिस्सा विजेंत बदलतें. मागेल त्याला सौर कृषी पंप या महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या योजनेंत शेतकऱ्यानें किंमतीचा दहावा हिस्सा, आणि अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें विसावा हिस्सा भरावयाचा आहे. योजना वेळेवर पोंचते कीं नाहीं, पंप नादुरुस्त झाला तर कोण येतो, हे प्रश्न विचारावयाचे खरे प्रश्न होत. खोट्या यंत्रांच्या नादीं लागल्यानें खऱ्या यंत्रांचा जाब विचारण्याचें राहून जातें, हें नुकसान पैशाच्या नुकसानीहून लहान नाहीं.

शेवटीं, हिंगोलीकरांस त्यांच्याच घरची एक कथा आठवून द्यावीशी वाटते. संतांच्या मेळाव्यांत मुक्ताबाईनें गोरोबाकाकांस विचारलें कीं, यांतील मडकीं पक्कीं कोणतीं तें सांगा. गोरोबांनीं थापटणें घेतलें आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत चालले. सर्व संत स्वस्थ बसले. नरसीचे नामदेव मात्र रागावले. गोरोबा म्हणाले, हें मडकें कच्चें आहे. नामदेव दुखावले, पण मडकें कच्चें आहे हें त्यांनीं मान्य केलें, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणें गुरूच्या शोधांत औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले. तेथें त्यांचें मडकें पक्कें झालें. त्यांचें मोठेपण कशांत होतें? थापटणें लागलें नाहीं यांत नव्हे. लागल्यावर ते औंढ्यास गेले यांत.

ज्या औंढ्यास नामदेव आपलें कच्चेपण घेऊन गेले, तेथेंच जगांतील सर्वांत बारीक थापटणें बसविण्यांत येत आहे. आकाशांतील कृष्णविवरांपासून हॉकिंगपर्यंत कोणासहि तें सोडणार नाहीं. तेव्हां उद्यां गांवांत कोणी इंधनावांचून चालणारें यंत्र घेऊन आला, तर त्यास हंसूं नये आणि पैसेहि देऊं नयेत. त्याच्यासमोर मीटर ठेवावा. जो मीटर पाहून पेटी उघडतो, तो चुकला असला तरी आपला माणूस आहे. जो पेटी झांकून घेतो, त्याचें मडकें कच्चें आहे, हें ओळखण्यास कोणत्याहि वेधशाळेची गरज नाहीं.